शंभर मिलिलीटरची गोष्ट



चौथीच्या वर्गात ‘धारकता’ शिकवायची वेळ आली, की मी टेबलावर एक तांब्या, एक पेला आणि एक मोठी बरणी मांडते. बरणीत तळाला जेमतेम कपभर पाणी ओतते आणि विचारते, “सांगा पाहू, या बरणीची धारकता किती?”

निम्मा वर्ग ओरडतो, “एक कप!”

मग मी हसून सांगते, “अरे, आत किती आहे ते नाही विचारलं मी. काठोकाठ भरली तर तिच्यात किती मावेल, ती तिची धारकता.”

गेली बारा वर्षं मी हा धडा शिकवते आहे. आणि मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत, मुंबईच्या विमानतळावर, चारचौघांत, याच धड्यात मी नापास झाले! त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की माझे दीर नोकरीनिमित्त सिंगापूरला असतात. त्यांच्या मनात फार दिवस होतं, की आईला एकदा मोठ्या जहाजातून फिरवून आणायचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मुलांची आजी. आम्ही साताऱ्याकडचे. आजींनी समुद्र पाहिला होता तो एकदाच, गणपतीपुळ्याला, तोही किनाऱ्यावरून. दिरांनी तीन रात्रींची सफर ठरवली. सिंगापूरहून निघायचं, मलेशियातलं पेनांग बेट पाहायचं आणि परत यायचं. आम्ही रात्री मुंबईहून विमानाने निघणार, सकाळी सिंगापूरला उतरणार आणि तिथून थेट बंदरावर जाणार.

घरात बॅगा भरायची धांदल उडाली. आणि पहिलंच कोडं पडलं ते कपड्यांचं नाही, तर तेल, साबण, पावडरींचं!

काय द्रव, काय घन?

परदेशी जाणाऱ्या विमानात, आपल्याजवळ ठेवायच्या बॅगेतून द्रव पदार्थ न्यायचे, तर प्रत्येक बाटली १०० मिलिलीटर किंवा त्याहून लहान हवी. अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लीटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या एका पिशवीत मावल्या पाहिजेत. माणशी पिशवी एकच.

आता द्रव म्हणजे काय, हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकतोच. पण विमानतळावरची व्याख्या जरा रुंद आहे, बरं का! शाम्पू आणि खोबरेल तेल तर द्रव आहेच. शिवाय टूथपेस्ट, फेसवॉश, कोल्ड क्रीम, ओठांना लावायचं ग्लॉस, पातळ काजळ, केसांचं जेल, स्प्रे आणि मेंदीचा कोनसुद्धा त्याच रांगेत. जे ओतता, पिळता, फासता किंवा फवारता येतं ते द्रव समजायचं. तूप, श्रीखंड आणि तेलातलं लोणचं हेसुद्धा! उलट साबणाची वडी, दंतमंजन, कांडीची लिपस्टिक, कंगवा, टिकल्यांचं पाकीट यांना त्या पिशवीत जागा अडवायचं कारण नाही.

आमची लेक आठवीत आहे. वाढदिवसाला मावशीने दिलेलं मेकअपचं सामान तिला न्यायचंच होतं. तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, सगळ्या बाटल्या मांडल्या, एकेकीवरचा आकडा वाचला आणि दोन ढीग केले. मोठा शाम्पू चेक-इनच्या, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या, बॅगेत टाकला. सनस्क्रीन, फेसवॉश, काजळ, ग्लॉस आणि ५० मिलिलीटरचं अंगाला लावायचं लोशन पिशवीत गेलं.

मग ती माझ्याकडे आली. “आई, आजीच्या तेलाची बाटली बदलू या का? ती मोठी आहे.”

आजींचे गुडघे रात्री फार दुखतात. त्यासाठी त्या तिळाच्या तेलात निर्गुडीचा पाला कढवून स्वतः तेल करतात. ते त्यांना जवळच हवं होतं. बाटली होती जुनी, शाम्पूची, पण तेल तळाशीच राहिलेलं. मी औषधाच्या मापाने मोजलं, तर ७० मिलिलीटर भरलं. मी तोऱ्यात म्हटलं, “सत्तर आहे, शंभरच्या आत. मी मोजलंय. मला नको शिकवूस!”

लेक गप्प बसली.

बाटली दोनशेची आहे

सामान विमानाच्या पोटात रवाना झालं. आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागलो. लेकीची पिशवी सुरळीत पार झाली. आजींची बाटली मात्र बाजूला काढली गेली.

“ताई, ही नेता येणार नाही,” गणवेशातल्या बाई शांतपणे म्हणाल्या.

“पण आत सत्तरच मिलिलीटर आहे! मी मोजलंय.”

त्यांनी बाटलीवरच्या छापील आकड्यावर बोट ठेवलं. “बाटली दोनशेची आहे. आम्ही बाटली बघतो, आतलं नाही.”

मुलांनो, मी काय बोलणार? आत किती आहे ते नाही, किती मावेल ते! माझाच धडा मला कुणी तरी शिकवत होतं. आणि विचार केला तर त्यांचं बरोबरच होतं. रांगेतल्या प्रत्येकाच्या बाटलीत किती आहे हे मोजत बसलं, तर विमानं सुटायची कधी? छापलेला आकडा एका नजरेत दिसतो. प्रवासात लागणाऱ्या औषधांना सवलत असते, पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. घरी कढवलेल्या तेलाला कसली चिठ्ठी असणार?

बाटली कचऱ्याच्या डब्यात गेली. आजी काहीच बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “जाऊ दे गं, तेलच ते.” त्याचंच मला जास्त लागलं. लेकीकडे पाहायची तर सोयच नव्हती.

ही शंभरची भानगड आली कुठून?

विमानात बसल्यावर धाकट्याने विचारलं, “तेलाने काय होतं गं?”

तेलाने काही होत नाही. पण ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या पोलिसांनी एक भयंकर कट उघडकीला आणला. सरबताच्या साध्या बाटल्यांमधून द्रव स्फोटकं न्यायची आणि अटलांटिक महासागरावरून जाणारी विमानं उडवून द्यायची, असा तो बेत होता. कट फसला, पण जग हादरलं. आधी तर विमानात द्रव न्यायलाच बंदी झाली. मग त्याच वर्षी शंभर मिलिलीटरचा नियम निघाला आणि हळूहळू जगभर पसरला. आता काही विमानतळांवर नवी तपासणी यंत्रं आली आहेत आणि तिथे नियम सैल झाला आहे. पण जाताना एक विमानतळ लागतो आणि येताना दुसरा, म्हणून दोन्हींकडचे नियम आधी विचारून घ्यावेत.

कळसूबाईपेक्षा उंच!

महाबळेश्वरला गेलात, तर घाट चढल्यावर वेफर्सचं पाकीट फुगतं, पाहिलंय ना? वर हवेचा दाब कमी, म्हणून पाकिटातली हवा पसरते. विमान उडतं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून. आतला दाब यंत्राने वाढवलेला असतो, तरी तो जमिनीइतका नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा, इतकाच असतो. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. म्हणजे विमानात आपण कळसूबाईहून उंच बसलेलो असतो!

त्या दाबाला बाटलीतली हवा सव्वापट जागा मागते आणि झाकणातून तेल बाहेर ढकलते. यावर उपाय सोपा आहे. मऊ बाटली हलकेच दाबून हवा काढायची आणि दाबलेली असतानाच झाकण लावायचं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा लहानसा तुकडा ठेवायचा आणि बाटली पिशवीत उभी ठेवायची.

एक गंमत सांगायची राहिली. आजींनी चेक-इनच्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या ठेवल्या होत्या. लेकीने त्या घरीच बाहेर काढल्या, म्हणून बरं! सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. ते बंद जागेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून आपल्याकडे ते विमानाच्या सामानात चालत नाही.

जहाजावर

सकाळी सिंगापूर. आपल्याहून अडीच तास पुढे. विषुववृत्त तिथून अगदी जवळ, सव्वा अंशावर म्हणा ना, त्यामुळे ऊन असं की सनस्क्रीन हा नखरा नसून गरज आहे, हे मला पटलं. दीर बंदरावर भेटले. तिथे मोठ्या बॅगा खलाशांच्या ताब्यात द्यायच्या असतात. त्या आपल्या खोलीशी पोचायला कित्येक तास लागतात. म्हणून औषधं, कंगवा, टूथब्रश आणि एक कपडा हातातल्या पिशवीत हवाच. जहाजाला आगीचं भय मोठं, त्यामुळे इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती यांना तिथे मज्जाव. आजींनी निरांजन घरीच ठेवलं होतं.

निघण्याआधी सगळ्यांना संकटाच्या वेळी कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं याची तालीम करावी लागते. १९१२ साली टायटॅनिक बुडालं, त्यानंतर जहाजांच्या सुरक्षिततेसाठी १९१४ मध्ये देशांनी मिळून करार केला. त्या नियमांची परंपरा आजही चालू आहे. समुद्रात प्लॅस्टिक टाकायलाही आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्यामुळे शाम्पूची रिकामी बाटलीही कचऱ्याच्या डब्यातच टाकायची.

संध्याकाळी जहाज हललं. आजूबाजूला मोजता येणार नाहीत इतकी मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती. अंधार पडला तशी ती दिव्यांनी लुकलुकू लागली. आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. “दिवाळीत सज्जनगडावरून सातारा दिसतो, तसं दिसतंय बघ,” म्हणाल्या.

पण रात्री गुडघ्यांनी उचल खाल्ली. मला जाग आली ती कुजबुजीने. लेक आजींच्या पायाशी बसली होती. आपल्या पिशवीतलं ते ५० मिलिलीटरचं लोशन हातावर घेऊन हळूहळू गुडघे चोळत होती. मावशीने दिलेलं, गुलाबाच्या वासाचं, तिने स्वतः अजून उघडलंही नव्हतं.

मी उठून तिच्याजवळ बसले. म्हटलं, “तू सांगत होतीस, ते मी ऐकलं नाही. चुकलं माझं.”

ती म्हणाली, “असू दे आई. तू दुसऱ्या गुडघ्याला लाव.”

पेनांगचं तेल

दुसऱ्या दिवशी दुपारी पेनांग. बंदरातून बाहेर पडलं, की थोड्याच अंतरावर जॉर्ज टाउनचं जुनं घड्याळाचं मनोरं दिसतं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, त्याची ती आठवण. म्हणून उंचीही बरोबर साठ फूट, वर्षाला एक फूट! २००८ पासून जॉर्ज टाउन युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

थोडं पुढे चालत गेलं, की ‘लिटल इंडिया’. फुलांच्या माळा, जिलेबीसारख्या मिठाया, साड्यांची दुकानं. इथे बहुतेक सगळे तमिळ भाषक. आजी एका किराणा दुकानापाशी थांबल्या. आजींना तमिळ येत नाही, दुकानदारांना मराठी येत नाही. आजींनी गुडघ्याकडे बोट दाखवलं, चोळल्याची खूण केली. दुकानदार हसले, म्हणाले, “नल्लेण्णै!” आणि एक बाटली पुढे ठेवली. त्यांनी थेंबभर तेल तळहातावर दिलं. आजींनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तिळाचंच आहे गं! निर्गुडी तेवढी नाही.”

बाटली अर्ध्या लीटरची होती. परतीच्या विमानासाठी मी ती हातातल्या पिशवीत ठेवली असेल का? छे! झाकणाखाली प्लॅस्टिक, वरून दोन पिशव्या, भोवती टॉवेल, आणि मुक्काम चेक-इनच्या बॅगेत. ते सगळं लेकीने केलं. मी फक्त पाहत होते आणि, खरं सांगते, शिकत होते.

घरी आल्यावर आजींनी त्याच तेलात परसातली निर्गुडी कढवली. पेनांगचे तीळ आणि साताऱ्याची निर्गुडी! आता आमच्या फडताळात त्या तेलाच्या १०० मिलिलीटरच्या चार बाटल्या रांगेने उभ्या आहेत.

करून पाहा

एक लीटरची पिशवी आणि शंभर मिलिलीटरच्या बाटल्या घ्या. १००० भागिले १०० म्हणजे दहा. मग दहा बाटल्या पिशवीत मावतात का? गोल बाटल्या किती मावतात, चौकोनी किती? उरलेली जागा जाते कुठे? घरातल्या मोठ्यांना आधी अंदाज सांगायला लावा, मग मोजा आणि तुमचं उत्तर आपल्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.

आणि मोठी माणसं “मी मोजलंय” म्हणाली, तरी एकदा बाटलीवरचा आकडा वाचून दाखवायला लाजू नका!