पातळ-घट्टाचं शास्त्र

कोण किती तापल्यावर पातळ होतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो. माणसांच्या बाबतीत ही तपासणी घरोघर फुकट चालते. पदार्थांच्या बाबतीत तिचा पगार मिळतो, हे मला पुतण्यामुळे कळलं.

तो मुंबईच्या एका औषध कंपनीत आहे. चिमूटभर पूड इवल्याशा डबीत घालायची, शेजारी रिकामी डबी ठेवायची, दोन्ही सारख्याच तापवायच्या आणि पुडीला जास्तीची उष्णता केव्हा नि किती लागते ते टिपायचं. दुसरं यंत्र दोन चकत्यांत मलम धरून एक चकती फिरवतं आणि मलम किती आढेवेढे घेतं ते मोजतं. ही म्हणे रिऑलॉजी.

सुट्टीत तो मुरुडला आला नि आईच्या कोकमतेलाच्या मागे लागला. नावाला तेल, मे महिन्यातही गोळा तो गोळाच. टाचांच्या भेगांना लावायचं तर पळीत पातळ करावं लागतं.

"साधारण ४० अंशांना वितळतं, आजी. खोबरेल २५लाच. आणि चॉकलेटात थोडी चालतील अशी सहा तेलं युरोपनं २००० साली ठरवली, त्यांत आपलं कोकम आहे!"

"टाचांचं जिभेवर नेलं मेल्यांनी," आई म्हणाली.

मग त्यानं १९९८ची गोष्ट सांगितली. रिटोनाविर हे एड्सवरचं औषध कॅप्सुलीत विरघळलेलं असे. एकाएकी त्याचे निराळ्या घडणीचे, सहजी न विरघळणारे खडे बनू लागले. औषध तेच, पण अंगी लागेना. कॅप्सुली बाजारातून काढून घ्याव्या लागल्या.

"म्हणजे पाक साखरला म्हण की! लिंबू नव्हतं पिळलं?"

पुतण्या गप्प. खडे धरू नयेत म्हणून औषधात काय मिसळावं, यावर त्यांच्याकडे मोठमोठे विद्वान बसलेले असतात.

हे महर्षी कर्व्यांचं मुरुड. पण आईचं शिक्षण चुलीपाशीच झालं आणि ते सगळं दोन बोटांत राहिलं. मधुमेहानं तीच बोटं हल्ली बधिर झालीत. तार आली की नाही, कळत नाही. गेल्या दिवाळीला रव्याचे लाडू झालेच नाहीत.

पुतण्यानं पाकात थर्मामीटर धरला. १०४वर आकडा होता, तोच पळीवरून ओघळणाऱ्या थेंबाकडे बघत आई म्हणाली, "कर बंद."

"अजून तार कुठे आलीय?"

"उतरवल्यावर येते. लिही ते."

त्यानं लिहिलं. आमच्या घरातल्या पाकाबद्दल कागदावर उतरलेली ती पहिली ओळ.