अब्बांची दाढी

गेल्या वर्षी रमजान ईद झाल्यावर अब्बा परभणीचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला राहायला आले. सामान फारसं नव्हतं. दोन बॅगा, औषधांचा डबा, अम्मीची एक शाल आणि बेकेलाइटची काळी डबी. डबीत त्यांचा दाढीचा रेझर होता. दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड बसतं, तो जुन्या पद्धतीचा.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी कधी दाढी ठेवली नाही आणि दाढी केल्याशिवाय कधी शाळेतही गेले नाहीत. फजरची नमाज झाली की अंगणात खुर्ची यायची, खिडकीच्या गजाला आरसा अडकवला जायचा, अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत गरम पाणी. आम्ही भावंडं बाजूला बसून बघायचो. जुनं झालेलं ब्लेड मधोमध मोडून अर्धं आम्हाला पेन्सिलीला टोक काढायला मिळायचं. रेझरला मात्र हात लावायची परवानगी नव्हती.

त्याच अब्बांना पार्किन्सन झालाय. हात थरथरतो, हालचाल मंदावलीय. पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांतच एके सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. अब्बा हनुवटीवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून पेपर वाचत बसले होते. मी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आठवडाभरात तेच तीनदा झालं.

मग आम्ही उपाय शोधू लागलो. जवळच्या सलूनमधला मुलगा दोनदा घरी आला. हल्ली सलूनमध्ये जुना वस्तरा फारसा दिसत नाही, त्याच्या जागी अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आलाय. त्या मुलाचा हात चांगला होता, पण घाई फार. अब्बांची मान तो अशी वळवायचा की जणू दुकानातली वस्तू आहे. तिसऱ्यांदा अब्बांनी त्याला दारातूनच शुक्रिया म्हणून परत पाठवलं. विजेवरचं ट्रिमर आणलं. ते सुरक्षित होतं, पण अब्बा गालावर हात फिरवून म्हणायचे, ही काय दाढी झाली का? शेवटी मी माझाच पाच पात्यांचा रेझर घेऊन त्यांची दाढी केली. दोन दिवसांत गळ्यावर लाल पुटकुळ्या उठल्या. त्यांचे गळ्यावरचे केस वळणदार आहेत. एकामागोमाग पाती फिरली की केस कातडीच्याही खाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो.

याच दिवसांत एक नातेवाईक भेटायला आले. अब्बांच्या गालावरचे व्रण बघून म्हणाले, "अब रख लेव ना भाई दाढी. उमर बी हो गई, सुन्नत बी है, तकलीफ बी बचेगी." बोलण्यात वाईट काही नव्हतं. मलाही क्षणभर वाटलं, खरंच की, सगळा प्रश्नच मिटेल. अब्बांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. तो खाली ठेवला आणि म्हणाले, "रखूंगा तो दिल से रखूंगा. हाथ हिलते बोलके नई."

पुढे कोणी काही बोललं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दाढी ठेवणं हा श्रद्धेचा भाग असेल तर तो माणसाचा स्वतःचा निर्णय हवा. आजारानं घेतलेला नको. आणि मुलाच्या सोयीसाठी तर मुळीच नको.

दुसऱ्या दिवशी मी ती काळी डबी उघडली. रेझर तीन भागांचा होता. वरची टोपी, मधली पट्टी आणि खालचा दांडा. ब्लेड बसवून पिळला आणि उजेडात समोरून धरून पाहिला. एका बाजूला ब्लेड जेमतेम दिसत होतं, दुसऱ्या बाजूला ते चांगलंच बाहेर आलं होतं. दांड्याचे आटे झिजले होते. कितीही पिळलं तरी ब्लेड तिरपंच बसत होतं. म्हणजे अब्बांना लागत होतं त्यात सगळा दोष हाताचा नव्हता. निम्मा तरी रेझरचा होता. आम्ही सगळ्यांनी तो आजारावर टाकला होता, अब्बांनीसुद्धा.

मी ठरवलं, नवा रेझर आणायचा. तोही याच जातीचा, एका ब्लेडचा. आणि अब्बांच्या चेहऱ्यावर चालवण्याआधी महिनाभर स्वतःच्या चेहऱ्यावर चालवायचा.

वाचत गेलो तसं कळलं की या साध्या दिसणाऱ्या वस्तूला मोठा इतिहास आहे. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. वापरून फेकून देता येईल असं पातळ ब्लेड काढायचं, ही कल्पना त्याला १८९५ साली सुचली. इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार लावता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या तंत्रज्ञाच्या मदतीनं ते जमलं आणि १९०३ साली विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना लाखांनी रेझर वाटले गेले आणि स्वतःची दाढी रोज स्वतः करायची सवय घेऊन ते घरी परतले. त्याआधी वस्तरा चालवायला एक तर कसब हवं, नाही तर न्हावी. या रेझरनं माणसाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या हातात दिला. अब्बांच्या हातातून नेमकं तेच निसटत होतं.

शनिवारी रविवार पेठेत गेलो. बोहरी आळीत आणि आसपास दोन-तीन दुकानं पालथी घातली, उरलेलं ऑनलाइन पाहिलं. तिथं कळलं की रेझर निवडताना ब्लेडच्या धारेकडे बघून उपयोग नाही. ब्लेड बहुतेक सगळ्यांत एकाच मापाचं बसतं. फरक असतो तो ब्लेड कसं धरलंय यात. ब्लेडची धार आणि तिच्या खालची पट्टी यांच्यात एक फट असते. फट मोठी आणि धार जास्त बाहेर असेल तर रेझर जहाल. एका फिरवण्यात साफ करेल, पण चूक माफ करणार नाही. फट लहान आणि धार जेमतेम बाहेर असेल तर मवाळ. दोनदा फिरवावा लागेल, पण हात चुकला तरी सांभाळून घेईल. काहींत दांड्यावर आकडे असतात आणि ते फिरवून फट कमीजास्त करता येते. नवशिक्यानं या भानगडीत पडू नये असं माझं मत झालं. आकडा वाढवायचा मोह होतोच.

पट्टीचेही दोन प्रकार. एक सरळ, दुसरी फणीसारखी दातेरी. चार-पाच दिवसांची वाढलेली दाढी असेल तर दातेरी बरी, कारण केस आणि साबण अडकत नाही. रोजच्या दाढीला सरळ पट्टी पुरते.

उघडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. काहींचा दांडा पिळला की वरची दोन दारं फुलपाखरासारखी उघडतात. ब्लेड बदलायला ते सोपं, पण आत साबण साचतो आणि कालांतराने दारं सैल होतात. तीन भागांचा रेझर सुटा करून धुता येतो. बिघडायला त्यात काही नसतं, आटे सोडले तर.

आणि वजन. हलका रेझर हातात आला की माणूस नकळत दाबतो. जड रेझर स्वतःच्या भारानं चालतो, दाबायची गरज पडत नाही. धातूही बघावा. स्वस्तातले बरेच रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर चकचकीत मुलामा. फरशीवर पडले की आट्यापाशी मोडतात, मुलामा गेला की धातू खराब होतो. पितळ टिकतं. स्टेनलेस स्टील सगळ्यांत टिकाऊ, तसंच महाग.

मी घेतला तो तीन भागांचा, सरळ पट्टीचा, मवाळ, पितळी दांड्याचा आणि हाताला भारी लागणारा. दांडा आखूड. लांब दांडा मुठीत धरला जातो आणि मूठ आली की जोर आला. आखूड दांडा बोटांत धरावा लागतो. त्याच फेरीत तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्लेडची पाकिटं घेतली. एकच ब्लेड सगळ्यांना मानवत नाही, ते आपल्या कातडीवर लावूनच कळतं. जपानी ब्लेड सर्वात धारदार अशी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण मला आपलं बाजारातलं साधं ब्लेडच बरं वाटलं. पाच ब्लेडचं पाकीट चहा-वड्याच्या पैशात येतं. माझ्या आधीच्या रेझरचं एक पातं घ्यायचं तर शंभराच्या वर जायचं. इतकं महाग म्हणून मी ते बोथट झाल्यावरही महिना-महिना ओढत असे. आता चार-पाच दाढ्या झाल्या की ब्लेड बदलतो, वाईट वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःला चांगलंच कापून घेतलं. वीस वर्षं दाबून दाढी करायची सवय. नंतर जमत गेलं. टोपी गालावर सपाट टेकवायची आणि दांडा हळूहळू खाली आणायचा. ब्लेड केसाला लागलं की बारीक आवाज येतो. तोच कोन. साधारण तीस अंश म्हणतात, पण मोजायला कोण बसतं, कानानंच कळतं. पहिला हात केसांच्या दिशेनं, दुसरा आडवा. उलटा हात शक्यतो मारायचाच नाही. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्यात फेस धरत नाही. दाढीपुरतं तांब्याभर पिण्याचं पाणी गरम करून घेतलं की फरक कळतो.

महिन्यानं एका शुक्रवारी अब्बांना विचारलं, "करू का?" त्यांनी माझ्या गालाकडे नीट पाहिलं. पूर्वी वही तपासताना पाहायचे तसं. मग खुर्चीत बसले.

सकाळची गोळी घेतल्यावर तासाभरानं त्यांचं अंग जरा मोकळं होतं, ती वेळ आम्ही धरली. त्यांच्या हातात ब्रश दिला. फेस त्यांनी स्वतःच केला. म्हणाले, "इस काम को हिलता हाथ अच्छा है." आम्ही दोघंही हसलो. अम्मी गेल्यानंतर ते असं हसलेले मला आठवत नाहीत.

दुसऱ्याची दाढी करताना एक गोष्ट लगेच कळते. स्वतःच्या चेहऱ्यावर ब्लेड फिरतं तेव्हा कातडी आपल्याला सांगत असते, थांब, इथं जोर झाला. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते कोणी सांगत नाही. अब्बांना आता गाल फुगवता येत नाही, चेहरा आखडलाय. मी डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणली. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. हनुवटीखाली एक जुना व्रण आहे. तो कशाचा, हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, विहिरीवर पडलो होतो, तुझ्याहून लहान होतो. बोलताना मी रेझर उचलून धरला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबलो. मवाळ रेझर असल्यामुळे वेळ लागला, वीस मिनिटं. कुठंही लागलं नाही.

आता एक दिवसाआड हे चालतं. जुनी ब्लेडं मी कचऱ्यात टाकत नाही. कॉफीच्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून त्यात टाकतो. आमचा कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बायका आहेत, त्यांची बोटं का कापावीत? डबा भरायला काही वर्षं लागतील. भरला की तोंड बंद करून भंगारवाल्याला सांगून देईन.

कोणी मला विचारलं की रोजच्या दाढीला कोणता रेझर घेऊ, तर मी नाव सांगत नाही. आधी स्वतःचा हात बघा म्हणतो. घाई असते का, दाबायची सवय आहे का, वय काय, दुसऱ्या कोणाची दाढी करायची आहे का. आपला हात ज्या दिवशी सगळ्यात वाईट चालतो, त्या दिवशीही सांभाळून घेईल असा रेझर घ्यावा. चांगल्या दिवशी काय, कुठलाही चालतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा जुना रेझर असेल तर तो एकदा उजेडात समोरून धरून बघा. ब्लेड सरळ बसतंय का ते पाहा.

अब्बांचा जुना रेझर काळ्या डबीत तसाच ठेवलाय. दाढी ठेवायचं त्यांच्या मनात आलं तर ते सांगतील आणि त्या दिवशी मी हाच रेझर गालावरचं खत काढायला वापरेन. अजून तरी तसं काही बोललेले नाहीत. दाढी झाली की तुरटी लावतात, हाताची पालथी बाजू गालावरून फिरवतात आणि दर वेळी कुठंतरी बोट ठेवून म्हणतात, "इधर रह गया."

मी पुन्हा ब्रश ओला करतो.