अक्षरांची शिदोरी

सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी नोकरी, हा आमच्यासारख्या पुष्कळांचा नित्यक्रम. माझी नोकरी मात्र थोडी निराळी. जिल्ह्याच्या एका छोट्या दैनिकात मी पाने लावतो. ‘म्हणजे नेमके काय करतोस?’ असे मित्र विचारतात, तसे आईही विचारते. तिला वाचता येत नाही. मी सांगतो, “पान रात्री परगावी निघतं. त्याची शिदोरी मी बांधतो.”

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. तेव्हापासून छपाईची साधने पार बदलली. आता पान संगणकावर जुळते, त्याची पीडीएफ होते आणि ती क्षणात छापखान्यात पोहोचते. तिथे लेसरने ॲल्युमिनियमच्या प्लेटा उमटतात. रंगीत पानाला चार: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. यंत्र प्रश्न विचारीत नाही. फाइलमध्ये जे बांधून दिले नाही, ते कागदावर येत नाही.

वृत्तपत्राचा कागद म्हणजे टीपकागदाचा चुलतभाऊच! शाई पितो आणि ठिपका पसरवतो. पडद्यावर उजळ दिसणारा चेहरा छापल्यावर काळवंडतो, म्हणून तो आधीच थोडा उजळावा लागतो. चारही शाया भरभरून दिल्या तर बेरीज चारशे टक्के होते. या कागदाला ती साधारण दोनशे चाळीसच्या आत हवी, नाहीतर शाई समोरच्या पानाला लागते. मजकुराची अक्षरे तर केवळ काळ्या शाईतच ठेवावीत. ती चार रंगांत गेली आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की अक्षराला सावली फुटते.

पण खरी काळजी फॉन्टची. आपले कित्येक जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले आहेत. फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट नसला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो.

गेल्या पावसाळ्यात बाहेरून एक निधनवार्ता अशीच आली. वरती एका वृद्धेचे छायाचित्र, आणि खाली नावाच्या जागी तो काला. पान सोडायला जेमतेम दहा मिनिटे होती. “उद्यावर टाक,” असे आमचे वरिष्ठ म्हणाले. परंतु दशक्रिया सकाळीच असल्याचे जाहिरात देणाऱ्याने सांगून ठेवले होते. मी त्यांना फोन लावला. तो तिचा मुलगाच निघाला. एकेक अक्षर विचारीत मी सारा मजकूर पुन्हा टाइप केला. शेवटी तो म्हणाला, “भाऊ, नीट छापून येईल ना? पेपरात आईचं नाव पहिल्यांदाच येतंय.”

पान वेळेत गेले. त्याचे वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले.

मंत्र्यांचे नाव रोज छापले जाते. आज चुकले तर उद्या दुरुस्ती येते. त्या माउलीला पेपरात उद्या नव्हता. पहिल्या पानाचे मथळे तपासायला पाच जण असतात. आतल्या पानावरची ही चार ओळींची नावे मात्र आपल्याच गावच्या, आपल्याच घरच्या माणसांची असतात, आणि त्यांच्या वतीने तपासणारे कोणी नसते. आपण शिकलो तो उपयोग इथेही आहे, असे मला वाटते.

म्हणून हल्ली पान सोडण्यापूर्वी मी सर्वांत शेवटी निधनवार्ता वाचतो. प्रत्येक नाव, काना-मात्रेसह.