संकरित

फलटणमध्ये 'संकरित' हा शब्द कौतुकाचा आहे, निदान गोठ्यात तरी. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं (सगळे 'नारी' म्हणतात) सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला. तिचं नाव नारी सुवर्णा. माणसाबद्दल मात्र हाच शब्द काढून बघा, मारामारी होईल!

गंमत म्हणजे १९६८ साली ही संस्था काढणारे बनबिहारी निंबकर स्वतःच मिश्र घरातले. आई अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. त्या लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईत त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. फलटणमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे.

बनबिहारींच्या पत्नी जाई या इरावती कर्वेंच्या कन्या. इरावतीबाईंनी ऐन विशीत बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएच.डी. केली. हा फिशर १९०८ मध्ये आजच्या नामिबियात जाऊन गोऱ्या-आफ्रिकन मिश्र कुटुंबांची मोजमापं घेऊन आला होता, आणि वंशांची सरमिसळ वाईट असं सांगत होता. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण बुद्धीमुळे वेगळी असणार, हाही त्याचाच तर्क. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वंशभेद दिसत नाही असं त्याच्याच संस्थेत लिहून दिलं. पुढे त्यांची लेक या अर्ध्या अमेरिकन घरात नांदली.

आमच्याकडे निंबकरांबद्दल सगळे अभिमानानं बोलतात. आणि मग माझ्या भाचीनं लंडनमध्ये घानाच्या मुलाशी लग्न केलं... गेल्या महिन्यात बाळाचा फोटो आला. पहिला प्रश्न, "रंग कुणावर गेलाय?" दुसरा, केस तसेच राहणार का? एका काकूंनी डाळीच्या पिठाचा उपाय सांगितला. मामींनी तर डिंकाचे लाडू करून लंडनला पाठवले, माया कमी नाही. मी त्यांना विचारलं, "कमलाबाईंच्या बाळाबद्दल असं विचारलं असतंत का?"

"अगं, त्या गोऱ्या होत्या," मामी म्हणाल्या. अगदी सहज.

माझी सहा वर्षांची नात परवा त्या बाळाचं चित्र काढत होती. अंग रंगवायला तिनं फिकट गुलाबी खडू घेतला. म्हटलं, हा कशाला? तर म्हणे, "आज्जी, हा स्किन कलर आहे." स्वतःचा सावळा हात त्याच खडूशेजारी ठेवून सांगत होती. तिच्या वर्गात सगळे त्या खडूला हेच म्हणतात.

असो. रामाच्या रथाला बाळ फलटणला येतंय. मामींनी पाळणा माळ्यावरून काढलाय.