मातीचें देणें

केजच्या आमच्या मळ्यांत बैलजोडीच्या जागीं १५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आला, त्यास आतां तीन वर्षें झालीं. मांजरा धरण याच तालुक्यांत धनेगावास आहे. तरी उन्हाळ्यांत आम्हांस टाकीनेंच पाणी आणावें लागतें. तें आणणें, कडबा वाहणें, सीताफळांच्या ओळींमधून रोटाव्हेटर फिरविणें, हीं कामें तो न थकतां करतो.

गेल्या पोळ्यास काकूंनीं आरतीचें ताट हातीं घेऊन विचारलें, “पूजा कुणाची करायची रे?” आम्ही निरुत्तर झालों.

पुढें विकतचें शेणखत ट्रॉलींत भरतांना उत्तर सुचलें. ट्रॅक्टर खत वाहतो, देत नाहीं! आतां दावणीला दोन गाई बांधल्या आहेत. श्रम यंत्रानें वांचवावेत, मातीचें देणें मात्र गोठ्यानेंच फेडावें.