किती सोडलंय?

युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमध्ये जुरासिक पार्कची पाण्यातली राईड आहे. गोल तराफ्यात आम्ही पाच जण बसलो. लेक किंचाळत होती. नाना मात्र कडेची भिंत न्याहाळत होते.

"काय बघताय?"

"पाण्याची खूण. कुठपर्यंत चढतं ते."

सायखेड्यात ही सवय प्रत्येकाला असते. पावसाळ्यात आधी गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय ते विचारायचं, मग चहा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ती गावात शिरली, तेव्हा मी इथे मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो. फोनवर नाना म्हणाले होते, "काही नाही, उंबऱ्याशी आलंय."

तराफा अंधारात वर चढला आणि धाडकन खाली आला. सगळे चिंब. नाना हसले, पण दांडा काही सोडेनात.

बाहेर बाकावर आई बोलून गेली, "त्या रात्रीपण गच्चीचा कठडा असाच धरून बसले होते."

"गच्चीवर होतात?"

नानांनी खिशातली टोपी काढून पिळली. "तू इतक्या लांबून काय करणार होतास?"

मला उत्तर सुचलं नाही. लेक त्यांचा हात ओढत होती, "आजोबा, परत!"

"इथलं पाणी कोण सोडतं रे?"

"मशीन."

"मग चल. बंद तरी करता येतं."

आता पावसाळ्यात फोन केला की मी 'कसे आहात' विचारत नाही. 'किती सोडलंय?' विचारतो. आणि म्हणतो, फोन आईकडे द्या.