गुरुवारची सुट्टी

रविवार, ८ जून २०२५

भाचीच्या गावात आज मोफत आरोग्य शिबिर होतं. निगडीहून तळवडे, तिथून इंद्रायणी ओलांडून महाळुंग्याच्या अंगाला वळलं की कंपन्यांच्या भिंतींमध्ये पाच-सहा गावं अडकलेली दिसतात. त्यांतलंच हे एक. भाची तिथली आशा सेविका. मी एचए कंपनीच्या पॅकिंगमधून निवृत्त झालेली, गुडघे सोडले तर धडधाकट, आणि बीपीचं मशीन घरचं. म्हणून तिने मला मारुतीच्या सभामंडपात खुर्ची-टेबल देऊन बसवलं.

बॅनर मोठा होता. त्यावर तेरा चेहरे, आणि कसल्या तपासण्या होणार ते तळाला बारीक अक्षरात. दुपारपर्यंत एकसष्ट माणसं आली, बहुतेक गावातलीच, साठीच्या पुढची. एका आजोबांचं वरचं १७८ निघालं. पूर्वी कांदा करायचे, चाकणच्या बाजारात गाडी न्यायचे. जमीन गेली, त्या पैशांतून खोल्या बांधल्या, आता भाडं येतं. "चालणं म्हणजे ओट्यावरून गाडीत," आजी म्हणाल्या. "रान गेलं आन् साखर आली."

कामगार आले तीन. दोघं पाण्याच्या जारपाशी थांबले. तिसऱ्याने डोळे तपासणार का विचारलं आणि नाही म्हटल्यावर तो निघून गेला. जारवाल्यांपैकी एकाला मी म्हटलं, "बस की, दोन मिनिटांचं काम." तो म्हणाला, "सेकंड शिफ्टला चाललोय मावशी. आमची सुट्टी गुरुवारी."

मलाच माझी लाज वाटली. उभी हयात या पट्ट्यात गेली, आणि रविवारचं शिबिर ठरलं तेव्हा मी मान डोलावली होती. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण इथे पुष्कळ कंपन्यांचा रविवार गुरुवारी असतो. विजेचा भार सगळ्या वारांवर वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार दिलेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा गुरुवारचाच शोधला होता, नाहीतर वऱ्हाडात पुरुष कोण आले असते?

मंगळवार, १० जून

वटपौर्णिमा. गावातला जुना वड रस्तारुंदीत गेला. आता देवळामागच्या कोवळ्या झाडाला दोरे. पावसाने यंदा मे महिन्यापासूनच मुक्काम ठोकलाय, त्यामुळे सगळ्या जणी साड्या पोटऱ्यांपर्यंत धरून चिखलात. भाची डायरी घेऊन तिथेच उभी. तिथे रक्त-साखर काही करता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येकीला एकच विचारत होती: नवऱ्याचं बीपी शेवटचं कधी बघितलं? सात जन्म मागायला आलेल्यांपैकी चौघींना सांगता आलं. एक फणकारली, "ते घरी असतात कधी?"

गुरुवार, १२ जून

आज भाचीबरोबर खोल्यांवर. हे पान लांबणार.

गावठाणाच्या मागे तीन मजली चाळी आहेत. खाली दुचाक्या, जिन्यात चपला, दाराबाहेर वाळत घातलेले निळे-करडे गणवेश. एका खोलीत सहा, कुठे आठ. विदर्भ-मराठवाड्यातली पोरं बरीच, मग बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा. खोलीला कुलूप क्वचितच लागतं, कारण फर्स्टवाले निघतात तेव्हा नाइटवाले परततात. एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा आडवा होतो. अशा घराची माहिती 'कुटुंबप्रमुख' या रकान्यापासून सुरू करायची, यावर भाची आणि मी जिन्यात बसून हसलो.

आशा नेमायची ती हजार लोकसंख्येमागे एक. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानात हे ठरलं तेव्हा गाव म्हणजे गाव होतं, घरावर नंबर होता, माणूस त्या घरात मरेपर्यंत राहायचा. इथे खोल्या धरल्या तर माणसं किती, ते कोणालाच सांगता येत नाही. खोलीमालकाला फक्त डोकी माहीत असतात, तीही भाड्यापुरती.

भाचीकडे तिशीपुढच्यांचा फॉर्म असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला बीपी-साखर आहे का. प्रत्येकाला गुण, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी धाडायचं. टेप कमरेला लावली की पोरं पोट आत घेतात. त्यातल्या त्यात बिहारचा एक पस्तिशीचा वेल्डर सरळ उभा राहिला. भाचीने विचारलं, आठवड्याला एकशेपन्नास मिनिटं व्यायाम होतो का? तो म्हणाला, "दीदी, आठ घंटा खडा रहता हूँ, वो गिनोगे?" तिने माझ्याकडे बघितलं. फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. त्याचं बीपी १५८/१००. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलं, तेवढंच. उपकेंद्रात गोळी फुकट मिळते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि उपकेंद्राची वेळ ऐकून त्याने बोटांवर शिफ्ट मोजली. या आठवड्यात जमत नव्हतं.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. खोल्यांतली बहुतेक पोरं बावीस-चोवीसची. तिशीच्या फॉर्मात ती बसतच नाहीत. त्यांचा आजार वेगळा: रात्रपाळीची झोपमोड, कँटीन बंद असेल त्या दिवशी वडापाव, तोंडात मावा. आणि प्रेसवर सापडलेली बोटं. एकाच चाळीत मला दोघं दिसले, उजव्या हाताची दोन पेरं नसलेले. ईएसआयचं कार्ड होतं त्यांच्याकडे. २१ हजारांपर्यंत पगार असला की कामगार विम्यात येतो. चिंचवडच्या मोहननगरला विम्याचं रुग्णालय आहे, तेही एकाला माहीत होतं. पण तिथे जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा.

शेवटच्या खोलीत एक मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. खोकत होता. जोडीदार म्हणाला, महिना झाला. भाचीने फॉर्म बंद केला.

शनिवार, १४ जून

रात्री झोप आली नाही, म्हणून जुन्या वह्या काढल्या. पिंपरीला लोक गाड्यांचं गाव म्हणतात, पण इथे मोठा कारखाना आधी आला तो औषधाचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आमची एचए, १९५४. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिलेली, सरकारी मालकीची देशातली पहिली औषध कंपनी. पेनिसिलिन इथल्या टाक्यांत आंबायचं, पुढे क्षयाचं स्ट्रेप्टोमायसीनही. आमच्या हाताखालून बाटल्या जायच्या आणि त्या कुठल्या खेड्यात फुटतात याचा विचार कधी मनात यायचा नाही. बाटली भरली, झाकण लागलं, खोकं गेलं, पाळी संपली.

खेड्यांचा विचार करणारे मात्र जवळच होते. चाकणवरून शिक्रापूरकडे पुढे गेलं की वढू. केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात तिथल्या खेड्यांत काम उभारलं. रुग्णालय होतंच, पण बाया तिथवर येत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा गावातल्याच माणसांना शिकवून दारोदार पाठवलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. तसंच जामखेडला आरोळे दांपत्याचं १९७० पासूनचं काम. गडचिरोलीत बंग दांपत्याने शिकवलेल्या बाया नवजात बाळाच्या घरी जात. त्याच वाटेने आज भाची बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या दिवशी जाते. सहा फेऱ्यांचे २५० रुपये. बाळ मात्र घरातून हलत नाही. खोल्यांवरची पोरं हलतात, ही तिची अडचण.

सोमवार, १६ जून

कुठल्याही दारात उभं राहा, बोलणं पुलाचंच. काल दुपारी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार माणसं गेली. रविवारी सुट्टी असती तर आपणही तिथेच असतो, असं एक मुलगा म्हणाला आणि गप्प झाला.

खोकणाऱ्या मुलाला बेडक्याची डबी दिली. सूचना ठरलेली: सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, आतून खोकून काढायचा, थुंकी नको, बेडका हवा. तो म्हणाला, "सकाळी मी कामावरून येतो ताई. सकाळ म्हणजे कधीची?" नाइटला असतो. सातला सुटतो, आठला येतो, झोपून उठतो तीनला.

भाची क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तू उठशील ती सकाळ. तीनला मी येते, डबी घेऊन जाते." नमुने न्यायची वेळ दुपारची नाही, हे मला कळत होतं. तिने दुचाकीवरून स्वतः चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन दिला. पेट्रोल कोणत्या रकान्यात टाकणार, ते मी विचारलं नाही.

खोलीमालकाची कुजबुज जिन्यात सुरू झाली होती. टीबी निघाला तर खोली खाली करायची का? भाचीने त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, त्याच्याच घरचा, आणि सांगितलं की औषध सुरू झालं की काही आठवड्यांत लागण पसरवणं थांबतं. उलट त्याला हाकललंत तर तो खोकत दुसऱ्या चाळीत जाईल, आणि तीही तुमच्या भावाचीच आहे. हा शेवटचा मुद्दा पटला.

गुरुवार, १९ जून

तुकोबांची पालखी आज आकुर्डीत मुक्कामाला. देहूहून निघालेल्या दिंड्या निगडीत शिरल्या तेव्हा पाऊस उघडला होता. रस्त्याच्या कडेला दर शंभर पावलांवर मांडव: कुठे केळी, कुठे राजगिऱ्याचे लाडू, कुठे पाय चोळून देणारे. सरकारी आरोग्य पथकंही पालखीबरोबर आहेत. दोन वर्षांपूर्वी 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' म्हणून सुरू झालं ते. मला त्यातली एकच गोष्ट आवडते. तिथे दवाखाना चालतो. वारकरी थांबत नाही, मग औषधाची पेटी त्याच्या चालीने चालते, मुक्कामाला मुक्काम करते. पायाचे फोड, जुलाब, चक्कर, विंचू. आजवर कोणी माउलींना सांगितलं नाही की ओपीडी सकाळी नऊ ते बारा.

आमच्या सोसायटीच्या बायकांनी बीपीचं टेबल टाकलं होतं. भाचीही आली. आणि गुरुवार असल्यामुळे पट्ट्यातले कामगार पालखी बघायला रस्त्यावर! कंपनीचे टी-शर्ट, कपाळाला गंध, काही पोरं दिंडीला पाणी वाटतायत. त्यांनाच बसवलं. रविवारच्या शिबिरात तीन आले होते. आज मी दुपारी मोजणं सोडलं. नांदेडचा एक फिटर म्हणाला, आधी त्या आजीचं बघा, मी उद्या येतो. मी म्हटलं, उद्या तू फर्स्टला असशील. तो बसला. १४६. त्याला महिन्याभराने पुन्हा तपासायला सांगितलं, कुठे ते सांगताना मात्र माझी जीभ अडखळली.

त्या गर्दीत बिहारचा वेल्डर दिसला. भाचीने त्याच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीतून काढून तिथेच हातात ठेवलं. उपकेंद्रातल्या सिस्टरांना सांगून आणलं होतं. तेव्हाच रथ आला, सगळे हात वर झाले, त्यात त्याचा पाकीट धरलेला हातही.

शनिवार, २१ जून

योगदिन. पाऊस. दुर्गा टेकडीवर आम्ही नेहमीच्या अकरा जणी, शेडखाली. भाचीच्या गावातला एक जण सांगत होता, कंपनीत शिफ्टच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं योग झाला, सेफ्टी शूज घालूनच. वृक्षासन जमलं नाही म्हणाला.

गुरुवार, २६ जून

खोकणाऱ्या मुलाचा रिपोर्ट आला. क्षय आहे, साध्या औषधांना दाद देणारा. खोलीतल्या बाकी सगळ्यांची तपासणी आज गुरुवार साधून झाली. त्यांच्यात कोणाला नाही. त्याला सहा महिने गोळ्या. सरकारकडून पोषणाचे महिना हजार रुपये खात्यात येतील, पूर्वी पाचशे होते. खात्याचं पासबुक गावाला, आईकडे. आईला काय सांगायचं, यावर तो बराच वेळ अडला. "न्यूमोनिया सांगू का?" भाचीने सांगितलं, सांग तुला हवं ते, पण पासबुकाचा फोटो मागव.

खरा पेच पुढेच होता. ठेकेदाराकडे सात महिने झाले की कामगारांना ब्रेक देतात. याचा चौथा चालू आहे. म्हणजे गोळ्या संपायच्या आधी काम संपणार, आणि तो एक तर गावी जाणार, नाहीतर रांजणगावला नाहीतर तळेगावला दुसऱ्या ठेकेदाराकडे. नोंदणीचा नंबर सगळीकडे चालतो, कुठल्याही सरकारी केंद्रात तो सांगितला की औषध मिळतं. भाचीने तो नंबर त्याच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी करून ठेवला, जोडीदाराच्याही. आईचा फोन आपल्या डायरीत घेतला.

संध्याकाळी तिच्याकडे चहाला थांबले. ती रजिस्टर भरत होती. नाव, वय, पत्ता, मूळ गाव. छापील रकाने संपले तिथे, समासात, तिने पट्टीने पेन्सिलची एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: शिफ्ट. पहिल्या ओळीत, मुलाच्या नावापुढे, 'नाइट' लिहिलं, मग खोडलं.

"सोमवारपासून सेकंडला आहे," ती म्हणाली. "म्हणजे गोळ्यांना मी सकाळी नऊला जायचं."